हंगेरीची गाडी, टेनिसचा चेंडू आणि आपलं अडलेलं गाडं

'लाइफ कोच' हा शब्द घरात पहिल्यांदा उच्चारला की आजी-आजोबांचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे आता जगायचाही क्लास लावायचा?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर शोधायला निघालं की वाट मोठी रंजक लागते. तिच्यावर हंगेरीतलं एक खेडं आहे, शर्यतीत मोटार पळवणारा एक इंग्रज उमराव आहे, सामन्यामागून सामने हरलेला एक फुटबॉल प्रशिक्षक आहे आणि यवतमाळ जिल्ह्यातलं एक गावसुद्धा आहे. चला तर, निघूया.

गावाचं नाव कोच

बुडापेस्टहून व्हिएन्नाकडे जाताना कोच नावाचं गाव लागतं. हंगेरियन भाषेतही उच्चार असाच, आपल्यासारखा. पंधराव्या शतकात तिथले कारागीर आरामशीर, वेगवान घोडागाड्या बनवायचे. गावाचं नाव गाडीला चिकटलं आणि गाडीबरोबर युरोपभर हिंडलं. जर्मनांनी त्याचं 'कुत्श' केलं, स्पॅनिश लोकांनी 'कोचे', इंग्रजांनी 'कोच'. आपला बग्गी हाकणारा कोचवान आणि रेल्वेचा स्लीपर कोच हे त्याच गाडीचे वंशज.

मग १८३०च्या सुमारास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांना एक गंमत सुचली. परीक्षेच्या पैलतीरी नेऊन सोडणाऱ्या खासगी शिक्षकाला ते 'कोच' म्हणू लागले. खेळाच्या मैदानावर हा शब्द त्यानंतर साधारण तीस वर्षांनी उतरला. म्हणजे लातूरचे कोचिंग क्लास हे वानखेडेवरच्या कोचपेक्षा या शब्दाच्या जुन्या अर्थाला अधिक धरून आहेत!

या व्युत्पत्तीतली एक गोष्ट मला फार आवडते. गाडी आपल्याला नेते खरी, पण जायचं कुठं हे प्रवासीच सांगतो. लाइफ कोचिंगचं सगळं मर्म एवढ्यात आहे.

सरांची स्कूटर

१६ नोव्हेंबर २०१३. वानखेडेवर सचिन तेंडुलकरचं निरोपाचं भाषण. त्यात रमाकांत आचरेकर सरांच्या स्कूटरची आठवण होती. एका मैदानावरचा सामना आटोपला की सर त्याला मागं बसवून दुसऱ्या मैदानावर न्यायचे. कोच म्हणजे गाडी, हे इतकं शब्दशः क्वचितच कुणी जगलं असेल. नेटमध्ये सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवत. बाद करणाऱ्या गोलंदाजाला ते मिळायचं. सचिन नाबाद राहिला तर नाणं सचिनचं.

हे झालं शिकवणारं कोचिंग. सरांना ठाऊक असतं, शिष्य ते आत्मसात करतो.

त्याच वानखेडेवर २ एप्रिल २०११ला भारतानं विश्वचषक जिंकला, तेव्हा संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेचे पॅडी अप्टन होते. कव्हर ड्राइव्ह शिकवणं हे त्यांचं काम नव्हतं. खेळाडूचं मन हा त्यांचा प्रांत. हेच अप्टन २०२४ मध्ये गुकेशबरोबर होते आणि अठरा वर्षांचा तो मुलगा बुद्धिबळाचा जगज्जेता झाला. पटावरची चाल सुचवायला तिथं दुसरे होते. लाइफ कोच या दुसऱ्या कुळातला.

चेंडूवरची शिवण बघा

या दुसऱ्या कुळाचा मूळपुरुष टेनिसच्या कोर्टवर सापडतो. टिमथी गॉलवे हे हार्वर्डच्या टेनिस संघाचे कप्तान होते. पुढं ते टेनिस शिकवू लागले आणि एक विचित्र गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. "मनगट असं धर, खांदा वळव, गुडघा वाकव" अशा सूचना जितक्या जास्त, तितका शिकणारा जास्त बावचळतो! म्हणून त्यांनी सूचना देणंच थांबवलं. चेंडू जमिनीवर आपटला की 'टप्पा' म्हण, रॅकेटला लागला की 'फटका' म्हण, आणि येणाऱ्या चेंडूची शिवण दिसते का ते बघ. एवढंच. मन चेंडूत गुंतलं, की आतली बडबड थांबायची आणि हात आपसूक नीट चालायचा.

१९७४ साली त्यांचं 'द इनर गेम ऑफ टेनिस' आलं. त्यांचा विचार एका वजाबाकीत मावतो: आपल्या हातून घडणारं काम म्हणजे आपली कुवत वजा आपलाच अडथळा. कुवत वाढवायला गुरू हवा. अडथळा दूर करायला बरेचदा नुसता एक चांगला प्रश्न पुरतो. आणि या विचाराला भारतीय फोडणी आहे बरं का! गॉलवे त्या काळात हरिद्वारला जन्मलेल्या प्रेम रावत यांचे अनुयायी होते आणि ध्यानाचा अभ्यास करत होते.

मोटार शर्यतीतून कचेरीत

सर जॉन व्हिटमोर हे खानदानी उमराव आणि पट्टीचे मोटार शर्यतपटू. १९६१ मध्ये मिनी पळवून ब्रिटिश सलून कारचं अजिंक्यपद, १९६५ मध्ये लोटस कॉर्टिना पळवून युरोपचं. गॉलवेंची शिकवण त्यांनी ब्रिटनमध्ये नेली आणि तिथून ती मैदान सोडून कचेऱ्यांत शिरली. १९९२च्या त्यांच्या 'कोचिंग फॉर परफॉर्मन्स' या पुस्तकामुळं चार प्रश्नांची एक चौकट जगभर पसरली. आपल्या भाषेत ती अशी: कुठं जायचंय? आत्ता कुठं उभे आहात? वाटा कोणकोणत्या? आणि त्यातली कोणती धरणार, कधीपासून?

बर्फावरच्या स्कीइंगच्या प्रशिक्षकांना टेनिस शिकवायला उभं केल्याचा किस्सा व्हिटमोर सांगत. टेनिसचं तंत्र ठाऊक नसल्यानं त्यांना सूचना देताच येत नव्हत्या. निरीक्षण करणं आणि विचारणं एवढंच हाताशी होतं, आणि तेवढ्यानं काम झालं.

एक गाडं, चार माणसं

तरीही, सल्लागार, मेंटॉर, समुपदेशक आणि कोच यांत फरक तो काय? समजा तुम्हाला नोकरी सोडून खानावळ काढायची आहे.

सल्लागार भांडवलाचा हिशेब मांडून देईल, एफएसएसएआयचा परवाना कसा काढायचा ते सांगेल. मेंटॉर म्हणजे ज्यांनी स्वतः वीस वर्षं खानावळ चालवली ते काका. भाजी कुठल्या बाजारातून, किती वाजता घ्यायची आणि उधारी कुणाला द्यायची नाही, हे तेच सांगू जाणे. वडिलांचा धंदा बुडाला तेव्हाची धास्ती अजून छातीत घर करून बसली असेल, तर ती समुपदेशकापाशी मोकळी करावी. कोच यांतलं काहीच करत नाही. तो विचारतो, "खानावळच का? ती सुरू झाल्यावर तुमची सकाळ कशी असेल? येत्या रविवारपर्यंत काय करून बघाल?" तुम्ही म्हणता, "रविवारी दहा जणांचा स्वयंपाक करून बघते." आणि सोमवारी तो पुन्हा विचारतो, "केलात का?"

हे "केलात का?" फार मोलाचं आहे. घरचे लोक हे विचारतात तेव्हा त्याला टोमण्याची धार येते, आणि मित्र बिचारे विचारायचंच विसरतात.

आर्थिक नियोजनातून उगवलेला पेशा

अमेरिकेतले थॉमस लिओनार्ड हे लोकांच्या पैशांचं नियोजन करून द्यायचे. गिऱ्हाईक यायचं गुंतवणुकीचं विचारायला आणि बोलायचं आयुष्याबद्दल. पैसा साठवायचा तो कशासाठी, या प्रश्नाला म्युच्युअल फंडाच्या पत्रकात उत्तर नसतं. लिओनार्ड यांनी १९९२ मध्ये कोच तयार करणारी संस्था काढली, १९९५ मध्ये कोच मंडळींची आंतरराष्ट्रीय संघटना, आयसीएफ, उभी केली आणि २००३ मध्ये अवघ्या ४७व्या वर्षी ते गेले. याच संघटनेच्या २०२३च्या पाहणीचा अंदाज सांगतो की तेव्हा जगात सुमारे १ लाख ९ हजार कोच होते आणि त्यांची वर्षाची उलाढाल साडेचार अब्ज डॉलरच्या घरात होती.

उमरखेडचा धागा आणि वर उचललेलं कोपर

आता माझ्या सर्वांत आवडत्या गोष्टीकडे येते. डॉ. अतुल गावंडे हे बॉस्टनचे नामवंत शल्यचिकित्सक आणि लेखक. त्यांचे वडील डॉ. आत्माराम गावंडे मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. त्यांनी आपल्या आईच्या नावानं उमरखेडला महाविद्यालय उभं केलं.

अतुल गावंडेंच्या हातून शस्त्रक्रिया उत्तम होत होत्या. पण आठेक वर्षांच्या अनुभवानंतर त्यांना जाणवलं की गुंतागुंत होण्याचं प्रमाण आता आणखी घटत नाहीये. प्रगतीचा आलेख सपाट झालाय. त्याच सुमारास हौसेखातर एका तरुण टेनिस प्रशिक्षकाकडून त्यांनी एक धडा घेतला आणि त्यांची सर्व्हिस बघता बघता वेगवान झाली. मनात आलं, टेनिसला कोच चालतो, तर शस्त्रक्रियेला का नाही? ऑपेरा गाणारे गायक कोचला आपले 'बाहेरचे कान' म्हणतात. थोर व्हायोलिनवादक इझाक पर्लमन यांचे बाहेरचे कान म्हणजे त्यांच्या पत्नी टोबी.

मग गावंडेंनी आपले निवृत्त गुरू डॉ. रॉबर्ट ऑस्टीन यांना शस्त्रक्रियागृहात येऊन नुसतं बघायची विनंती केली. एकदा टेबलावरच्या एका रुग्णबाईंनी विचारलं, "हे कोण?" मला आणखी काय सुधारता येईल ते बघायला आलेत, हे उत्तर ऐकून बाईंना फारसा धीर आला नाही! सरांनी पाहिलेली पहिली शस्त्रक्रिया थायरॉइडची होती आणि ती निर्विघ्न पार पडली. गावंडेंना वाटलं, सर काय बोलणार? सरांची वही मात्र टिपणांनी भरलेली. रुग्णावर कापड अशा रीतीनं अंथरलं होतं की तुला सोयीचं झालं, पण समोरच्या सहायकाला हालचालीला जागा उरली नाही. वरचा दिवा हळूहळू सरकला आणि बराच वेळ जखमेवर नीट उजेड नव्हता. तुझ्या ते लक्षातच आलं नाही. आणि तुझं उजवं कोपर मधूनच खांद्याच्या उंचीला जातं. कोपर हवेत ठेवून हातात नेमकेपणा येत नाही. तसं होतंय असं वाटलं की पाय हलव किंवा हत्यार बदल.

वीस मिनिटांच्या त्या गप्पांत गेल्या पाच वर्षांत मिळालं नव्हतं इतकं शिकायला मिळालं, असं गावंडेंनी २०११ साली 'न्यूयॉर्कर'मधल्या लेखात मोकळेपणानं लिहिलं. पुढं त्यांच्या शस्त्रक्रियांतली गुंतागुंत कमी झाल्याचं दिसलं; हा योगायोगही असू शकतो, हेही त्यांनीच नोंदवलं.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण आपण दुसऱ्याला बोल लावायला वापरतो. पण ती सरळसरळ खरी आहे. आपलं कोपर आपल्याला दिसत नाही. त्यासाठी समोर कुणीतरी बसावं लागतं, आणि ते आपल्या बाजूचं असावं लागतं.

१२ विजय, ४१ पराभव

बिल कॅम्पबेल यांची कोलंबिया विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे प्रशिक्षक म्हणून कामगिरी अशी: १२ सामने जिंकले, ४१ हरले, १ बरोबरीत. ते मैदान सोडून उद्योगात गेले आणि पुढं स्टीव्ह जॉब्ज, एरिक श्मिट, लॅरी पेज अशी उद्योगजगतातली बडी माणसं त्यांच्यापाशी मन मोकळं करायला येऊ लागली. २०१६ मध्ये ते गेल्यावर त्यांच्यावरच्या पुस्तकाचं नावच 'ट्रिलियन डॉलर कोच' ठेवलं गेलं. उत्तम कोच होण्यासाठी आधी स्वतः अजिंक्य असावं लागत नाही.

चार का? दोन का नाही?

कोचच्या पोतडीतला एक प्रश्न घरीच वापरून बघा. "रोज चालायला जाण्याची इच्छा एक ते दहाच्या पट्टीवर किती?" उत्तर येतं, चार. आपण लगेच म्हणतो, "फक्त चार? आठ का नाही?" आणि समोरचा सबबींची यादी वाचू लागतो. त्याऐवजी विचारा, "चार का? दोन का नाही?" आता तो स्वतःच्या तोंडानं चालण्याचे फायदे सांगू लागतो. माणूस स्वतःचं बोलणं ऐकूनच पटवून घेतो. व्यसनमुक्तीच्या कामातून पुढं आलेल्या संवादपद्धतीत हा प्रश्न मुरलेला आहे. दहावीतल्या मुलांच्या आयांनी तर तो जरूर करून बघावा.

भाषणांत मिरवणारी दोन मिथकं

एक: येल विद्यापीठाच्या १९५३च्या तुकडीतल्या ज्या ३ टक्के मुलांनी ध्येयं कागदावर लिहिली, त्यांनी पुढं बाकीच्या ९७ टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीपेक्षा जास्त कमावलं. प्रेरणादायी भाषणांतून ही गोष्ट हजारदा सांगितली गेली. असा अभ्यास कधी झालाच नव्हता.

दोन: सवय लागायला २१ दिवस लागतात. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून निघाला. बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एवढे दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तेव्हा सवय अंगवळणी पडायला मध्यक कालावधी ६६ दिवसांचा निघाला. कुणाला १८ दिवस पुरतील, तर कुणाला २५४ लागतील, असं गणित आलं. बाविसाव्या दिवशी ज्यांचा व्यायाम सुटला आणि ज्यांनी स्वतःला दूषणं दिली, त्यांना हे कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं.

विचार कमी, उमज जास्त

कोचिंगनं खरंच काही होतं का, हे तपासणाऱ्यांत सिडनीच्या अँथनी ग्रँट यांचं नाव आदरानं घेतलं जातं. शाळा लवकर सोडून सुतारकाम केलेल्या या माणसानं पुढं मानसशास्त्र शिकून २००० साली सिडनी विद्यापीठात कोचिंगच्या मानसशास्त्राचा जगातला पहिला विभाग सुरू केला. २००३ साली त्यांचा एक छोटासा अभ्यास प्रसिद्ध झाला. २० माणसं, लाइफ कोचिंगचा एक कार्यक्रम. बराच काळ रखडलेली ध्येयं हलली, मनःस्वास्थ्य सुधारलं. आणि एक अनपेक्षित गोष्ट दिसली: स्वतःविषयी विचार करत बसणं कमी झालं, स्वतःविषयीची उमज मात्र वाढली!

रात्री दोन वाजता छताकडे बघत "माझं काय चुकतंय" हे घोळवणं म्हणजे आत्मपरीक्षण नव्हे, याचा इतका नेटका पुरावा दुसरा मला माहीत नाही. वीस माणसांवरून जगाचा निष्कर्ष काढता येत नाही हे खरं, पण अनुभवाशी हे जुळतं. घोळवण्याचं रूपांतर कृतीत झालं की डोकं शांत होतं.

मग हे कुणाच्या उपयोगाचं?

ज्यांचं सगळं ठीक चाललंय, पण गाडं एका जागी रुतलंय, त्यांच्या. मुलं मोठी झाल्यावर दहा वर्षांनी पुन्हा नोकरीला लागू पाहणारी बाई. काल सहकाऱ्यांबरोबर चहा पिणारा आणि आज त्यांचाच साहेब झालेला इंजिनीअर. बँकेतून निवृत्त होऊन तीन महिने झालेले आणि पेपर वाचून संपल्यावर साडेनऊ वाजता दिवस संपलेला वाटणारे काका. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण दोन वर्षं लिहीत असलेली संशोधक. परदेशी स्थायिक व्हावं की पुण्याला परतावं या पेचात प्रत्येक दिवाळीला नव्यानं सापडणारं जोडपं. या सर्वांना माहिती कमी पडत नाहीये, बुद्धीही कमी पडत नाहीये. त्यांना हवाय तो आठवड्यातला एक तास, ज्यात समोरचा माणूस मधेच स्वतःची गोष्ट सुरू करत नाही.

ज्यांना कुणीतरी बळेच पाठवलंय, त्यांना मात्र याचा उपयोग नाही. "याला जरा सुधारा" असं म्हणून नवऱ्याला किंवा मुलाला कोचकडे धाडता येत नाही.

आणि इथं मला स्पष्ट बोललं पाहिजे. झोप उडालीय, जेवण जात नाही, कशातच गोडी उरलेली नाही, जीव नकोसा झालाय, व्यसन सुटत नाही. अशा वेळी कोच नव्हे, डॉक्टर गाठायचा. मानसोपचारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते आणि तिथं मराठीतही बोलता येतं. घरात मारहाण होत असेल, तर पोलिस आणि वकील. "सकारात्मक विचार करा" हे अशा माणसाला सांगणं क्रूर आहे.

पैसे देण्याआधी

लाइफ कोच म्हणवून घ्यायला आपल्याकडे कुठलाही सरकारी परवाना लागत नाही. आज पाटी लावली, उद्या कोच. म्हणून चौकशी करणं हा आपला हक्क आहे. आयसीएफच्या प्रमाणपत्रांत तीन पायऱ्या आहेत: पहिलीसाठी किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव, मधलीसाठी १२५ आणि ५००, वरचीसाठी २०० आणि तब्बल २,५०० तास. कागद असला की माणूस चांगलाच असतो असं नाही. पण किती तास बसलात, कुणाकडे शिकलात, हे विचारल्यावर जो चिडतो, त्याच्याकडे जाऊ नये. "तीन महिन्यांत आयुष्य पालटून देतो" अशी हमी देणाऱ्याकडेही नको. आजच सगळी रक्कम भरा म्हणणाऱ्याकडे तर नकोच नको.

शक्य असेल तर सेशन मराठीतच मागा. मीटिंगमधल्या इंग्रजीत आपण "आय ॲम मॅनेजिंग" म्हणून निभावून नेतो. "जीव रमत नाही" हे मराठीतच बाहेर येतं.

पहिल्या भेटीत तुम्हीही एक प्रश्न विचारा: "माझी अडचण तुमच्या आवाक्याबाहेरची निघाली, तर काय कराल?" चांगला कोच क्षणभर थांबेल आणि कुणाकडे पाठवेल ते सांगेल. भेट संपल्यावर घरी येताना आठवून बघा, त्या तासात जास्त कोण बोललं? तुम्ही बोलला असाल, तर पुढची वेळ ठरवा.